निघण्याआधी एवढं ऐक

बिरझेतच्या कॉलेजात तास नऊचा असला, तरी तू पाचला गाडीत बस. किती किलोमीटर ते मोजू नकोस, पोरी. नाका उघडा असला तर बिरझेत जवळ, बंद असला तर अल्लाला ठाऊक. रस्त्याची खबर सर्विस टॅक्सीच्या ड्रायव्हरला विचार. मोबाइलवरच्या ग्रुपांपेक्षा त्याचं खरं निघतं.

हिरव्या कव्हरातलं ओळखपत्र पिशवीच्या तळाशी नको. नाक्यावर शिपायासमोर पिशवीत हात घालून चाचपत बसायचं नसतं. रांगेत असतानाच काढून हातात धर.

तिथे खोली भाड्याने घेताना आधी गच्ची बघ. टाक्या किती, ते मोज. टाकीवर मूठ वाजव, आवाज पोकळ आला तर तिथवर पाणी नाही. नळ आला की पहिली टाकी, मग अंघोळ.

ऑक्टोबरात मात्र घरी यायचं, जैतून काढायला. 2002 साली इस्रायलने कुंपण घालायला सुरुवात केली आणि आपल्या जैयूसची बहुतेक जमीन पलीकडे गेली. 2004 साली हेगच्या न्यायालयाने आपल्या जमिनीवरचं ते कुंपण बेकायदा ठरवलं. तरी कुंपणातलं गेट अजून त्यांच्याच घड्याळावर उघडतं. पलीकडे जायचा परवाना मला मिळतो, तुझ्या बापाला नाही. म्हातारीने शिडीवर चढायचं आणि धडधाकट मुलाने घरी बसायचं, ही कुठली अक्कल?

पहिल्या पावसाने धूळ धुऊन गेली की फळ काढावं, असं माझी सासू सांगायची. आता परवान्यावरची तारीख येईल तो मुहूर्त. तरी काठीने झोडपू नकोस, पुढच्या वर्षीची कोवळी डहाळी मोडते. गाईची धार काढतात तशी फांदी मुठीतून ओढ, फळं आपोआप चादरीवर पडतात. सुरुवात लांबच्या झाडापासून कर, गेटजवळची शेवटी. म्हणजे बंद व्हायच्या वेळी पोती घेऊन धावावं लागत नाही. आणि पोतं तागाचं घे. प्लास्टिकच्यात फळ तापतं, तेल खवट होतं. घाण्यावर दोन दिवसांत पोचलंच पाहिजे.

डब्यात भाकऱ्या जास्तीच्या ठेवल्यात. गाडी अडकली तर शेजारच्याला विचारल्याशिवाय खाऊ नकोस. झातर मसाला पुडीत आहे, तेल बाटलीत. बाटलीचं बूच सैल आहे, उभीच धर.