एआयला कामाला लावा, पण तिजोरीची किल्ली देऊ नका: कंटेनर आणि लोकल मॉडेलचा धडा



समजा, तुमचा सांगलीत हळद-मसाल्याचा व्यवसाय आहे. दोनशे दुकानदारांना माल जातो, त्यातला बराचसा उधारीवर. दर सोमवारी तुम्ही एक्सेल उघडून बसता. कोणाची उधारी ४५ दिवसांच्या वर गेली, कोणाला फोन करायचा, कोणाचा माल थांबवायचा, हे शोधण्यात दोन तास जातात. हे काम करणारा छोटा प्रोग्रॅम एआय कोडिंग असिस्टंटकडून बनवून घेता येतो. प्रोग्रॅमर ठेवायची गरज नाही.

पण ज्या लॅपटॉपवर तुम्ही हे करणार, त्याच लॅपटॉपवर जीएसटीची कागदपत्रं आहेत, टॅलीचा बॅकअप आहे, ग्राहकांचे मोबाईल नंबर आहेत आणि ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्डही सेव्ह केलेला आहे. म्हणून असिस्टंट इन्स्टॉल करण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारायचे:

१. हा असिस्टंट चुकला, तर काय काय बिघडवू शकतो?
२. याला मी जे दाखवतो, ते कुठे जातं?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर कंटेनर, दुसऱ्याचं उत्तर लोकल मॉडेल. बरेच जण एकच उपाय करतात आणि दोन्ही प्रश्न सुटले असं समजतात. आजचा धडा त्यासाठीच आहे.

कमांड जशाच्या तशा टाइप कराव्या लागतात, त्या व्हिडिओत स्क्रीनवर आहेत. इथे आपण त्यांच्यामागचा अर्थ समजून घेऊ.

चॅट आणि असिस्टंट यात फरक काय?

चॅटमध्ये तुम्ही विचारता, तो उत्तर लिहून देतो. कॉपी करायचं की नाही हे तुमच्या हातात. क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी सीएलआय, एडर यांसारखे कोडिंग असिस्टंट मात्र स्वतः फाइल उघडतात, बदलतात, आणि कॉम्प्युटरवर कमांडही चालवतात. यातले बरेचसे आधी परवानगी विचारतात, हे खरं. पण पहिल्या तीन वेळा आपण नीट वाचतो आणि दहाव्या वेळी न वाचताच ‘हो’ दाबतो.

हे नुसतं भीती घालणं नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतले गुंतवणूकदार जेसन लेमकिन रेप्लिट या सेवेच्या एआय असिस्टंटकडून सॉफ्टवेअर बनवून घेत होते. काही बदल करू नको असं बजावलेलं असतानाही त्या असिस्टंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात हजाराहून जास्त लोकांच्या नोंदी होत्या. वर, डेटा परत आणता येणार नाही असंही त्याने सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली आणि पुढचा उपाय सांगितला: प्रयोगाचा डेटाबेस आणि चालू धंद्याचा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवायचे.

हा उपाय नीट लक्षात घ्या. असिस्टंटला आणखी चार सूचना देणं हा उपाय नव्हता. खऱ्या डेटापर्यंत त्याचा हातच पोचू नये, हा उपाय होता. सूचना मोडली जाऊ शकते, भिंत सहज मोडत नाही.

कंटेनर म्हणजे एमआयडीसीतला गाळा

एमआयडीसीत गाळ्यांची इमारत असते. पाण्याची टाकी एक, विजेची लाइन एक, पण प्रत्येक गाळ्याचं शटर वेगळं. एका गाळ्यात सांडलवंड झाली तर शेजारच्या गाळ्यातला माल खराब होत नाही. कंटेनर तसाच. कॉम्प्युटरचा गाभा सगळे मिळून वापरतात, पण प्रत्येक कंटेनरला आपल्या फाइल, आपले प्रोग्रॅम आणि आपलं नेटवर्क वेगळं दिसतं. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने हे काम सर्वांना सोपं केलं.

तीन शब्द पक्के करा:

इमेज: गाळ्याचा तयार साचा. यात लागणारे सगळे प्रोग्रॅम आधीच भरलेले असतात.
कंटेनर: त्या साच्यातून सुरू केलेला प्रत्यक्ष गाळा. बिघडला तर मोडायचा, त्याच साच्यातून नवा काढायचा.
माउंट: तुमच्या लॅपटॉपवरचं एखादं फोल्डर गाळ्यात उघडून देणं. सगळी जबाबदारी इथे आहे, कारण माउंट केलेल्या फोल्डरमधली फाइल असिस्टंटने पुसली, तर ती तुमच्या लॅपटॉपवरूनही जाते.

खर्चाचं म्हणाल, तर २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यवसायांना डॉकर डेस्कटॉप मोफत वापरता येतं. पॉडमन हा पर्यायही मोफत आणि मुक्त आहे.

गाळ्यात काय ठेवायचं, काय नाही

नवा कारागीर पहिल्या दिवशी आला की आपण त्याला टेबल देतो, हत्यारं देतो, थोडा कच्चा माल देतो. गल्ल्याची किल्ली देत नाही. हाच नियम इथे:

एकच फोल्डर द्या. त्या प्रकल्पासाठी नवीन फोल्डर करा आणि तेवढंच माउंट करा. पूर्ण ‘डॉक्युमेंट्स’ किंवा डेस्कटॉप कधीच नाही.

खरी उधारी देऊ नका. वीस ओळींची खोटी एक्सेल बनवा. ‘दुकान १’, ‘दुकान २’, खोटे नंबर, कॉलमची नावं मात्र तुमच्या खऱ्या फाइलसारखीच. थोडा गोंधळही मुद्दाम घाला: एक तारीख उलटी लिहा, एक रक्कम रिकामी सोडा. प्रोग्रॅम या वीस ओळींवर नीट चालला, की तो तुम्ही स्वतः खऱ्या फाइलच्या कॉपीवर चालवा. तोही कंटेनरमध्येच, नेट बंद ठेवून आणि असिस्टंट शेजारी नसताना. खरं सांगायचं तर या एका सवयीने अर्धा धोका संपतो.

फक्त वाचायचं असेल, तर तसंच द्या. माउंट करताना ‘फक्त वाचन’ असं ठरवता येतं. मग ती फाइल कंटेनरमधून बदलता किंवा पुसता येत नाही.

डॉकरची स्वतःची सॉकेट आणि ‘प्रिव्हिलेज्ड’ मोड देऊ नका. काही ठिकाणी अडचण आली की ‘हे चालू करा, लगेच चालेल’ असा सल्ला मिळतो. चालेलही. पण त्याचा अर्थ कारागिराला सगळ्या गाळ्यांच्या किल्ल्या देणं असा होतो.

एपीआय की मर्यादित ठेवा. ही की म्हणजे तुमच्या नावावर उधारी लिहायची वही. या कामासाठी वेगळी की काढा, खर्चाची मर्यादा घाला आणि काम संपलं की ती रद्द करा.

रोज गिटमध्ये नोंद करा. असिस्टंटने काही बिघडवलं, तर कालच्या स्थितीला परत जाता आलं पाहिजे. मूळ नोंदींची एक प्रत या फोल्डरच्या बाहेरही ठेवा.

आता पहिला प्रश्न बराचसा सुटला. दुसरा अजून तसाच आहे.

भिंत आहे, पण खिडकी उघडी आहे

क्लाउडवरचा असिस्टंट कंटेनरमध्ये ठेवला, तरी त्याचा मेंदू कंपनीच्या सर्व्हरवर असतो. तो जी फाइल वाचतो, तिच्यातला मजकूर इंटरनेटवरून त्या सर्व्हरला जातो. ते थांबवणं हे कंटेनरचं काम नाही.

आणखी एक गोष्ट. असिस्टंट एखादं वेबपेज वाचतो किंवा कोणीतरी पाठवलेली फाइल उघडतो. त्यात कोणी छुपी सूचना लिहून ठेवली असेल, तर तो ती तुमचीच सूचना समजून पाळू शकतो. त्याला नेट मोकळं असेल, तर समोरची माहिती बाहेरही पाठवू शकतो. यावर उपाय म्हणून नेट ठरावीक पत्त्यांपुरतंच उघडं ठेवता येतं. क्लॉड कोडसाठी अँथ्रोपिकने दिलेल्या नमुना कंटेनरमध्ये अशी फायरवॉल आहे. तरीही नियम एकच ठेवा: गाळ्यात असंच काही ठेवा, जे बाहेर गेलं तरी आपलं फार बिघडणार नाही.

ग्राहकांची माहिती यात बसत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या दुकानाला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. पण दंडाच्याही आधी दुकानदार विचारेल, ‘माझा हिशोब तुम्ही कुठे पाठवला?’ उधारीचा धंदा विश्वासावर चालतो. तिथे उत्तर तयार हवं.

लोकल मॉडेल: मेंदूच घरी आणायचा

लोकल मॉडेल म्हणजे भाषा मॉडेलची फाइल तुमच्याच मशीनवर उतरवून तिथेच चालवणं. यासाठी ओलामा हे मोफत साधन लोकप्रिय आहे आणि त्याची तयार डॉकर इमेज मिळते. मशीन किती मोठं हवं? साधा अंदाज असा:

७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल: किमान ८ जीबी रॅम
१३ अब्ज: १६ जीबी
३३ अब्ज: ३२ जीबी

हा किमान आकडा आहे. सोबत एक्सेल, ब्राउझर आणि टॅलीही उघडं असतं, म्हणून एक पायरी वरचं मशीन धरा. कोडसाठी क्वेन २.५ कोडरचं ७ अब्जचं मॉडेल पाच जीबीच्या आतच डाउनलोड होतं. ग्राफिक्स कार्ड नसेल तरी चालतं, फक्त हळू.

सेटअप करताना चार गोष्टी सांभाळा.

पहिली, मॉडेल व्हॉल्यूममध्ये ठेवा. नाहीतर कंटेनर मोडला की मॉडेलही गेलं, आणि पुन्हा पाच जीबी डाउनलोड.

दुसरी, पोर्ट फक्त स्वतःच्या मशीनपुरतं उघडा. ओलामा ११४३४ या पोर्टवर ऐकतो आणि पासवर्ड मागत नाही. डॉकरमध्ये पोर्ट नुसतंच उघडलं, तर ते सगळ्या नेटवर्कसाठी उघडलं जाऊ शकतं. म्हणजे तुमच्या वायफायवर बसलेलं कोणीही ते वापरू शकेल. कमांडमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहायचा. त्याचा अर्थ ‘फक्त हेच मशीन’.

तिसरी, मॉडेल उतरवून झालं की नेट तोडा. डॉकरमध्ये ‘इंटरनल’ प्रकारचं नेटवर्क करता येतं. त्यावर ओलामाचा कंटेनर आणि असिस्टंटचा कंटेनर एकमेकांशी बोलतात, बाहेर कोणाशीच नाही. एडरसारखा असिस्टंट ओलामाला जोडता येतो.

चौथी, मॅक असेल तर वेगळं करा. मॅकवर डॉकरच्या कंटेनरला ॲपलचा ग्राफिक्स प्रोसेसर वापरता येत नाही, त्यामुळे मॉडेल फार हळू चालतं. तिथे ओलामा थेट मॅकवर चालवा आणि असिस्टंट तेवढा कंटेनरमध्ये ठेवा. मात्र मग तिसऱ्या मुद्द्यातली पूर्ण नेटबंदी तशीच्या तशी करता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

सगळं झाल्यावर खात्रीची सोपी परीक्षा: वायफाय बंद करा आणि मॉडेलला प्रश्न विचारा. उत्तर आलं, तर मेंदू खरंच घरी आहे. ही परीक्षा घ्याच, कारण ओलामात आता काही क्लाउड मॉडेलही मिळतात. त्यांच्या नावात ‘क्लाउड’ असतं, पण घाईत लक्षात येत नाही.

मग सगळंच लोकल करायचं का?

नाही. लहान लोकल मॉडेल मोठ्या क्लाउड मॉडेलइतकं हुशार नसतं. एक फंक्शन लिहून घेणं, एक्सेलचं सूत्र विचारणं, दुकानदारांच्या तक्रारींची वर्गवारी करणं ही कामं त्याला जमतात. दहा फाइलींचा प्रकल्प स्वतःहून उभा करताना ते अडखळतं. लांब संभाषणात सुरुवातीचं विसरतं, कारण एका वेळी किती मजकूर लक्षात ठेवायचा याला मर्यादा असते. ती वाढवता येते, पण मग रॅम जास्त लागते.

म्हणून कामाची वाटणी करा:

कोड लिहून घ्यायचा आहे, डेटा खोटा आहे: क्लाउड असिस्टंट, कंटेनरमध्ये.
खऱ्या ग्राहकांचा मजकूर वाचायचा आहे: लोकल मॉडेल, नेट तोडून.
उधारीची बेरीज, दिवसांची मोजणी: एआय नकोच. तयार झालेला साधा प्रोग्रॅम चालवा. बेरीज त्यालाच बरोबर येते.

आणि हे सगळं वाचून लगेच लाखाचं मशीन घ्यायला धावू नका. आहे त्या लॅपटॉपवर लहान मॉडेलने सुरुवात करा. महिनाभर वेळ मोजा. आठवड्याचे दोन तास खरंच वाचले, तर पुढचा खर्च त्या बचतीतून करा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. लॅपटॉपवर कोणती माहिती बाहेर गेलेली चालणार नाही, याची कागदावर यादी करा.
२. तुमच्या खऱ्या एक्सेलसारखी वीस ओळींची खोटी फाइल बनवा.
३. डॉकर इन्स्टॉल करा आणि फक्त त्या एका फोल्डरचा कंटेनर सुरू करा. आतून बाकीची फोल्डर दिसतात का, ते बघा. दिसली, तर माउंट चुकलं आहे.
४. ओलामावर एक लहान मॉडेल उतरवा आणि वायफाय बंद करून परीक्षा घ्या.

या चार गोष्टी पूर्ण होईपर्यंत असिस्टंटला खऱ्या उधारीच्या फाइलजवळ फिरकूही देऊ नका. चला, लागा कामाला!