गृहभेट करताना : गरिबी म्हणजे दुर्लक्ष नव्हे



मूल सतत गैरहजर राहिलं, मळक्या कपड्यांत आलं किंवा कोणी १०९८ वर फोन केला, की त्याच्या घरी कोणीतरी जाऊन पाहतं. कधी आपण शिक्षक जातो, कधी अंगणवाडीताई, तर कधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे कर्मचारी. भेट थोडक्यात आटोपते, पण तेव्हा लिहिलेल्या चार ओळी फार लांब जातात. मूल आईवडिलांजवळ राहणार की बालगृहात जाणार, याचा विचार करताना त्या वाचल्या जातात. म्हणून त्या ओळी कशा लिहायच्या हे आपण समजून घेऊया.

कायदा काय सांगतो?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार असे प्रकरण बालकल्याण समितीपुढे जाते. मुलाला समितीपुढे हजर केल्यावर सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची असते आणि अंतिम आदेश चार महिन्यांत अपेक्षित असतो. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये दोन तत्त्वे आहेत : मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक सूचनाही स्पष्ट आहेत. केवळ गरिबीमुळे मूल कुटुंबापासून तोडू नये, गरिबी दिसली तर कुटुंबाला मदत द्यावी.

चूक कुठे होते?

एक उदाहरण घेऊ. ऊसतोडीचा हंगाम आहे. सकाळी अकराला आपण एका घरी गेलो. आईवडील फडावर गेलेत. आजी खाटेवर, नऊ वर्षांची मुलगी चुलीपाशी, धाकटा भाऊ अंगणात उघडाच खेळतोय. आपण लिहितो, "पालक घरी नाहीत. मुलीकडून काम करून घेतात. अस्वच्छता आहे. पालक उदासीन."

आता बघा, यातली पहिली ओळ सोडली तर बाकी सगळे आपले अंदाज आहेत. आईवडील कधीपासून गेलेत? रोज फोन करतात का? मुलगी रोज स्वयंपाक करते की आज आजीला ताप आहे म्हणून? पाणी किती लांबून आणावं लागतं? हे विचारलंच नाही. आणि "उदासीन" हा शब्द एकदा कागदावर आला, की पुढचा अधिकारी त्याच चष्म्यातून घर पाहतो.

दुसरी गोष्ट भीतीची. अनोळखी माणूस वही घेऊन दारात आला की आई गप्प बसते, बाप चिडून बोलतो, मूल आजीच्या मागे लपतं. आपण त्याला "सहकार्य करत नाहीत" असं नाव देतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. चेक प्रजासत्ताकात एका दांपत्याची पाच मुले राहते घर अपुरे आहे म्हणून संगोपनगृहांत ठेवली गेली. आईवडिलांच्या प्रेमाबद्दल वा क्षमतेबद्दल कोणाला शंका नव्हती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ साली वालोव्हा आणि वाला या खटल्यात ते चुकीचे ठरवले. घराची अडचण होती, तर घरासाठी मदत करायला हवी होती.

गृहभेटीत काय करावे?

१. डोळ्यांनी दिसले ते आणि आपल्याला वाटले ते वेगवेगळे लिहा. "घर घाणेरडे" असं लिहू नका. "एक खोली, पाच माणसे, घरात नळ नाही" असं लिहा.
२. एका भेटीवर मत बनवू नका. दुसरी भेट संध्याकाळी, पालक कामावरून आल्यावर द्या.
३. मुलाला सांभाळणारे इतर कोण आहेत ते विचारा. आजी, मावशी, शेजारीण यांचा आधार नोंदवा.
४. चांगलेही लिहा. वही जपून ठेवली आहे, लसीकरण झाले आहे, आजारपणात दवाखान्यात नेले आहे, हे सगळे पुरावेच आहेत.
५. "यांना काय कमी आहे?" हे शेवटी जरूर लिहा. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे. अनाथ, एकपालक किंवा गंभीर आजारी पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, त्यात दरमहा २२५० रुपये मिळतात.

खऱ्या धोक्याकडे डोळेझाक नको

मारहाणीचे वण, लैंगिक अत्याचाराची शंका, अन्न असूनही उपाशी ठेवणे, घरच्या माणसाचीच मुलाला वाटणारी भीती, अशा वेळी थांबायचे नाही. लगेच १०९८ ला कळवा. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे पोक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. हे धोके श्रीमंत घरातही असतात, पण तिथे गृहभेट सहसा होत नाही, हेही लक्षात ठेवूया.

पालकहो, तुमच्यासाठी

भेटीला आलेल्या व्यक्तीचे नाव, पद आणि ओळखपत्र नि:संकोच विचारा. घाबरून काही लपवू नका. कामाच्या वेळा, मुलाला कोण सांभाळतं आणि अडचण काय आहे, हे सरळ सांगा. लसीकरण कार्ड, दवाखान्याचे कागद, प्रगतिपुस्तक एका पिशवीत ठेवा. वर्गशिक्षकांनाही सोबत बोलवू शकता, ते मुलाला रोज पाहतात.

शिक्षकांनो, पुढच्या गृहभेटीची नोंद सही करण्याआधी एकदा त्या मुलाच्या आईला वाचून दाखवा. ती म्हणाली "हे असं नाही हो सर", तर तिचं म्हणणंही खाली लिहा.