फवारणीचा ड्रोन आणि चालकाचे शिक्षण

उभ्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन फवारणी करणे किती जोखमीचे आहे, हे २०१७ सालच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात झालेल्या विषबाधेने सर्वांस दाखवून दिले. त्या वेळी अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. ड्रोनने फवारणी केली असता माणसास औषधाच्या तुषारांतून चालावे लागत नाही, हा त्याचा मोठाच लाभ होय. तथापि दक्षता न घेतल्यास तेच विष शेजाऱ्याच्या शेतात, विहिरीत वा गोठ्यात जाऊन पोचते. म्हणून ड्रोन केव्हा उडवू नये, हे समजल्यावाचून चालकाचे शिक्षण पुरे होत नाही.

प्रमाणपत्र व प्रशिक्षण

केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलेल्या ड्रोन नियमांनुसार फवारणीचा ड्रोन चालविणाऱ्याने मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळविणे आवश्यक आहे. त्यासाठी उमेदवार १८ वर्षे पूर्ण झालेला व दहावी उत्तीर्ण असावा लागतो. ड्रोनची नोंदणी करून त्यास ओळख क्रमांकही घ्यावा लागतो. महिला बचत गटांसाठी आखलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ दिवसांचे प्रशिक्षण ठरविले आहे. त्यांपैकी ५ दिवस उड्डाणासाठी व १० दिवस खते आणि औषधे फवारण्याच्या शिक्षणासाठी आहेत. या वाटणीवरूनच औषधाच्या ज्ञानाचे महत्त्व ध्यानात यावे.

द्रावणाची तीव्रता

वाढलेल्या कपाशीस पाठीवरच्या पंपाने एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागते. ड्रोनने तेच काम सुमारे १० लिटरांत होते. औषधाची एकरी मात्रा तीच राहत असल्याने ड्रोनच्या टाकीतील द्रावण सुमारे २० पट तीव्र असते. सबब औषध मोजताना व टाकी भरताना हातमोजे, चष्मा, मुखपट्टी व पूर्ण अंग झाकणारे कपडे वापरलेच पाहिजेत. औषध प्रथम बादलीत थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून मगच टाकीत ओतावे. ड्रोनने फवारण्यास मान्यता असलेलेच औषध घ्यावे.

वारा आणि शेजार

ड्रोनचे तुषार बारीक असल्याने ते वाऱ्यावर सहज वाहून जातात. २,४-डी या तणनाशकाचे थोडे तुषार जरी कपाशीवर किंवा द्राक्षबागेवर गेले, तरी पाने वेडीवाकडी होऊन वाढ खुंटते. कीटकनाशक तुतीवर पडल्यास तो पाला खाणारे रेशीमकिडे मरतात. वाऱ्याचा वेग ताशी १० किलोमीटरहून अधिक असल्यास फवारणी थांबवावी. ड्रोन पिकाच्या शेंड्यांपासून साधारण दीड ते अडीच मीटर उंचीवर ठेवावा. पीक फुलोऱ्यात असून मधमाश्या फिरत असताना फवारणी टाळावी.

उड्डाणापूर्वी घ्यावयाची दक्षता

१. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीस व लगतच्या शेतकऱ्यांस सूचना द्यावी.
२. शेतातून प्रत्यक्ष फिरून विजेच्या तारा, झाडे व विहिरी यांची नोंद घ्यावी. परतीच्या उड्डाणाची उंची सर्वांत उंच अडथळ्याहून अधिक ठेवावी.
३. पंखे, नोझल व नळ्या तपासून प्रथम स्वच्छ पाण्याने फवारून पाहावे.
४. ड्रोन पाहण्यास मुले जमतात. त्यांस व जनावरांस दूर ठेवण्यासाठी एक सहाय्यक नेमावा.
५. चालकाने वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूस उभे राहावे. पंखे पूर्ण थांबल्याशिवाय ड्रोनजवळ जाऊ नये.

बॅटरी

उड्डाणानंतर तापलेली बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावावी. फुगलेली बॅटरी मुळीच वापरू नये. चार्जिंग चालू असता तेथून निघून जाऊ नये व जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवावी.

विषबाधेची लक्षणे

मळमळ, चक्कर, अतिघाम किंवा अंधुक दिसणे यांपैकी काही जाणवल्यास काम तत्काळ थांबवावे. दूषित कपडे काढून अंग साबणाने धुवावे व औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. टाकी धुतलेले पाणी ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये.

भाड्याने ड्रोन बोलावणाऱ्या शेतकऱ्याने चालकाचे प्रमाणपत्र पाहण्यास संकोच करू नये. वारा सुटला म्हणून चालक थांबला, तर त्यास घाई करू नये. एक दिवसाचा खोळंबा भरून निघतो. शेजाऱ्याची बाग किंवा माणसाचा जीव गेल्यास त्याची भरपाई होत नाही.