भूमिका मुलांची, शिदोरी घरची

मे महिन्याच्या नाट्यशिबिरात नाव घालायला येणाऱ्या बऱ्याच आई-बाबांची एक विनंती ठरलेली असते : ‘आमच्याला जरा चांगला रोल द्या हं.’ चांगला म्हणजे राजा, सेनापती, परी, फार तर शास्त्रज्ञ. वाट्याला भाजीवाली, कंडक्टर किंवा खोकणारे आजोबा आले की चेहरे उतरतात. मुलांचे नाही, तुमचे. त्याविषयीच आज तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे.

राजा कुठल्याच मुलानं पाहिलेला नसतो. त्यामुळे राजा झालेला मुलगा टीव्हीवरच्या राजासारखा छाती काढून चालतो, आवाज चढवतो आणि तिथेच थांबतो. आजोबा मात्र त्यानं रोज पाहिलेले असतात. शिबिरात एक मुलगा आजोबा करताना पहिल्या दिवशी कंबरेत वाकून, हातात काल्पनिक काठी घेऊन कापऱ्या आवाजात बोलू लागला. मी त्याला एवढंच सांगितलं, ‘घरी जा आणि तुझे आजोबा खुर्चीतून कसे उठतात ते नीट बघून ये.’ दुसऱ्या दिवशी काठी गेली, वाकणंही गेलं. त्यानं आधी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, क्षणभर थांबला, मनातल्या मनात तयारी केल्यासारखा श्वास घेतला, उठला आणि उभं राहिल्यावर लगेच पाऊल न टाकता जरा स्थिर झाला. मग चष्मा शोधायला खिसा चाचपला. सगळे गप्प झाले. समोर खरेखुरे आजोबा उभे होते.

लहान मुलांना हे शिकवावं लागत नाही. भातुकली, शाळा-शाळा, डॉक्टर-डॉक्टर हे सगळे खेळ पाहिलेल्या, सोसलेल्या, ऐकलेल्या गोष्टींवरच चालतात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी १९३३ साली मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं. त्यात त्यांनी जेम्स सली या इंग्रज मानसशास्त्रज्ञाचं एक उदाहरण घेतलं आहे. पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींनी एकदा ठरवलं, ‘चल, आपण बहिणी-बहिणी खेळू.’ एरवी त्या बहिणी होत्याच, पण त्याचा विचार कधी केला नव्हता. खेळ सुरू झाल्यावर मात्र बहिणी कशा वागतात ते आठवून, ठरवून करावं लागलं : हात धरणं, सारखे कपडे घालणं, हे आपलं आणि ते परक्यांचं असं एकमेकींना सांगणं. रोजच्या जगण्यात जे नकळत घडतं, ते खेळात भूमिकेचा नियम बनतं. मूल दुसरं कुणी होतं तेव्हा ते आपलंच आयुष्य पहिल्यांदा नीट बघत असतं.

म्हणून भातुकलीत बाहुलीला रागावताना तुमचंच वाक्य तुमच्याच सुरात ऐकू आलं, तर हसू नका. ‘मी कुठे अशी बोलते?’ म्हणून दटावूही नका. आणि कृपा करून लगेच मोबाइल काढून चित्रीकरण करू नका. आपल्याला कुणी बघतंय हे कळलं की खेळ संपतो आणि देखावा सुरू होतो. इंजेक्शन घेऊन आलेलं मूल घरी बाहुलीला दहा वेळा सुई टोचतं, तेव्हा जी गोष्ट त्याच्यावर ओढवली होती तिचा ताबा ते स्वतःकडे घेत असतं. त्याला तो घेऊ द्या. फक्त मारहाणीचा, कुणाला तरी घाबरण्याचा किंवा वयाला न शोभणारा एकच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर शांतपणे जवळ बसा, उलटतपासणी न करता ऐका आणि गरज वाटल्यास समुपदेशकाची मदत घ्या. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन अशा वेळीही उपयोगी पडते.

‘मग काय करायचं? मुलांना चार ठिकाणी फिरवून आणायचं, एवढंच ना?’ असं तुम्ही विचाराल. तेवढ्यानं भागत नाही. सारा स्मिलान्स्की या इस्रायली अभ्यासक बाईंचं या विषयावरचं पुस्तक १९६८ साली आलं. ज्या मुलांचे भूमिकांचे खेळ फारसे फुलत नव्हते, अशांचे त्यांनी गट केले. एका गटाला निरनिराळ्या ठिकाणी नेऊन नुसते अनुभव दिले. दुसऱ्या गटातल्या मुलांना मोठ्यांनी खेळात साथ देऊन खेळायचं कसं ते दाखवलं. तिसऱ्याला दोन्ही दिलं. खेळ फुलला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात. नुसते अनुभव देऊन विशेष फरक पडला नाही. शिदोरी बांधून दिली तरी ती सोडून सोबत बसून खाणारं कुणी लागतं, ते असं.

तेव्हा शनिवारी मंडईत जाताना मुलाला घेऊन जा आणि घरी आल्यावर पंधरा मिनिटं तुम्ही गिऱ्हाईक व्हा. भाजीवालीनं पालेभाजीवर पाणी कसं शिंपडलं, भवानीची नोट कपाळाला कशी लावली, मेथीच्या जुडीबरोबर चार मिरच्या आपण होऊन का टाकल्या, हे मुलानं पाहिलं असेल तर ते खेळात येईलच. आलं नाही तर भूमिकेत राहूनच विचारा, ‘ताई, कोथिंबीर महाग झाली हो! पाऊस लागला का?’ शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेसाठी पोशाख भाड्यानं आणून चार ओळी घोकून घेण्यापेक्षा हा खेळ मुलाला कितीतरी जास्त देतो.

इथे एक पथ्य मात्र सांभाळायला हवं. घरकामाच्या मावशींची बोली, शेजाऱ्यांचं लंगडणं, गावाकडच्या काकांचा हेल यांची नक्कल करून मूल हशा मिळवू लागलं तर त्याला तिथेच थांबवा, पण रागावून नको. प्रश्न विचारा : ‘मावशींना निघायची घाई का असते? त्यांच्या घरी कोण वाट बघत असेल?’ बाहेरून उचललेली लकब ही नक्कल. त्या माणसाला काय हवं आहे आणि कशाची भीती वाटते, हे शोधलं की पात्र तयार होतं.

थोड्या मोठ्या मुलांची गोष्ट वेगळी वाटते, पण मुळात तीच आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. टेबलाभोवती बसून प्रत्येकानं आपलं पात्र घडवायचं आणि त्याच्या तोंडून गोष्ट पुढे न्यायची. आपल्याकडच्या शहरांतली मुलंही आता असे खेळ खेळतात, कधी प्रत्यक्ष, कधी ऑनलाइन. तुमच्या मुलीनं वहीत लिहिलं, ‘माझी योद्धा अनाथ आहे,’ तर लगेच मनाला लावून घेऊ नका. एकट्यानं जगाला सामोरं जायचं धाडस तिला करून बघायचं असतं. तिला विचारा, ही योद्धा कशाला घाबरते? तिच्या पिशवीत काय काय असतं? राग आला की ती बोलते की गप्प बसते? उत्तरं द्यायला तिला आपल्याच आयुष्यात शोधावं लागेल. मी मुलांना सांगते, चाल एकाची घ्या, बोलणं दुसऱ्याचं घ्या, भीती स्वतःची घ्या. नाव-गाव मात्र बदला. ऑनलाइन खेळताना तर खरं नाव, शाळा, पत्ता, फोन नंबर पात्राच्या गोष्टीत चुकूनही येता कामा नये, हे पक्कं बजावा.

नाटककार रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी राक्षस, चेटकिणी आणि राजकन्या रंगमंचावर आणल्या. त्याच मतकरींनी २०१४ मध्ये ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीनं ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्त्यांमधली मुलं तिथे आपल्या आयुष्यातले विषय घेऊन नाटिका उभ्या करू लागली. उसना राजमहाल त्यांना लागला नाही. आपलं जगणं नाटकात मांडण्याजोगं आहे, हा विश्वास मुलांना तिथे मिळाला. तो तुमच्या-माझ्या मुलांनाही हवा आहे.

म्हणून आई-बाबांनो, पुढच्या वेळी मुलाला कुठला रोल मिळाला हे विचारण्याआधी, तो माणूस त्यानं कुठे पाहिला आहे ते विचारा. पाहिला नसेल तर दाखवायला घेऊन जा, आणि घरी परतल्यावर त्याच्याबरोबर जमिनीवर बसून खेळा. पात्र छोटं की मोठं, याची चिंता सोडून द्या. माणसं निरखायची सवय लागलेलं मूल माणसांशी नीट वागायलाही शिकतं, आणि ही सवय घरातच लागते.