४५ मिनिटांत काय काय गाशील?

अगं, काल फोनवर तू दोन राग, तराणा, ठुमरी, दोन नाट्यपदं आणि वर भैरवी अशी यादी एका दमात म्हणून दाखवलीस. मी नुसतं हं हं करत राहिले, कारण हे घाईघाईत बोलायचं नव्हतं. आता निवांत सांगते. पहिली स्वतंत्र बैठक आहे तुझी, ती रंगावी असं मला तुझ्याइतकंच वाटतंय.

आधी वेळेचा हिशोब कर. तुला ४५ मिनिटं दिलीत. निवेदन, कलाकारांची ओळख, तानपुरे आणि तबला पुन्हा एकदा सुरात लावणं, यात पाच मिनिटं सहज जातात. राहिली ४०. तू ज्या लयीत विलंबित एकताल गातेस, त्यात एक आवर्तन जवळपास मिनिटभराचं होतं. म्हणजे बडा ख्याल २२-२३ मिनिटं गायलीस तर हातात तेवढीच आवर्तनं. त्यातली चार-पाच स्थायी-अंतरा मांडण्यातच गेली. उरलेल्या अठरा आवर्तनांत आलाप, बोलआलाप, सरगम, ताना सगळं बसवायचं. त्यानंतर द्रुत बंदिश आठ-दहा मिनिटं आणि शेवटी एक पद. झाली की ४० मिनिटं! एक राग आणि एक पद, एवढंच. कमी वाटेल तुला, पण ऐकणाऱ्याला रागात शिरायलाच दहा मिनिटं लागतात. तो शिरला रे शिरला की तू दुसरा राग सुरू करणार, मग त्याच्या हाती काय लागणार?

आता राग कोणता. तुझ्या मनात बसंती केदार आहे, मला माहितेय. जयपूर घराण्याचा मानाचा जोडराग, ऐकणारे चमकतील, हे खरंच. पण तालमीत तो आत्ता कुठे सुरू झालाय. जोडराग गायचा म्हणजे बसंत आणि केदार दोन्ही पक्के हवेत, आणि एकातून दुसऱ्यात कुठल्या स्वरावरून उतरायचं हे गळ्याला विचार न करता कळायला हवं. स्टेजवर घसा कोरडा पडतो, हात गार पडतात, समोर पहिल्या रांगेत जाणकार बसलेले दिसतात. अशा वेळी गळ्यातून तेच येतं, जे वर्षानुवर्षं मुरलंय. तुझ्यात यमन मुरलाय. तो गा.

यमन काय सगळेच गातात, असं म्हणशील. भूप तर आपल्याकडे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. तरी किशोरीताईंचा भूप लावला की अजून माणसं हातातलं काम बाजूला ठेवतात. रागाचं नाव दुर्मीळ असल्यानं गाणं मोठं होत नाही गं.

आणि तुझा आवाज बघ ना. तो तापायला पाच-सात मिनिटं घेतो, सुरुवातीला तार षड्जावर जरा ताणतो. सोहनीसारखा राग घेतलास तर त्याचं सगळं चलनच वरच्या अंगात, आवाज उघडायच्या आधीच तुला तार सप्तकात जावं लागेल. यमन तुला मंद्र निषादावरून उठू देतो, गंधारावर हवा तितका वेळ थांबू देतो. नि रे ग एवढ्या तीन स्वरांत पहिली चार आवर्तनं आरामात निघतात. तोवर श्वास ताब्यात येतो, साथीदारांशी नजरानजर होते, आणि मग पंचमाकडे गेलीस की आवाज आपोआप मोकळा झालेला असतो.

पण यमन ठरवायच्या आधी एक फोन कर. तुझ्यानंतर जे ज्येष्ठ गायक बसणार आहेत, ते काय गाणार आहेत हे आयोजकांना विचार. संध्याकाळची बैठक आहे, त्यांच्याही मनात यमन असू शकतो. मोठ्यांच्या आधी तोच राग गाऊन ठेवणं आपल्यात बरं दिसत नाही. म्हणून शुद्ध कल्याण तयार ठेव, तोही तुझ्या गळ्याला मानवतो. पूरिया धनाश्रीचा मोह मात्र आवर. पत्रिकेवर सहा वाजता लिहिलंय, पण दीपप्रज्वलन, सत्कार, दोन भाषणं होऊन तू षड्ज लावशील तेव्हा सात वाजलेले असतील. डिसेंबरात तोवर पूर्ण अंधार पडतो आणि संधिप्रकाशाचा राग वेळ टळून गायल्यासारखा होतो. यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, त्याला उशिराची भीती नाही.

भैरवी यादीतून काढूनच टाक. भैरवी झाली म्हणजे मैफल संपली, हा आपल्याकडचा रिवाज. सवाई गंधर्व महोत्सवात कितीतरी वर्षं प्रभाताई अत्रे समारोपाला गायच्या, तो मान होता. तुझ्यानंतर ज्येष्ठ गायक गाणार आहेत, तेव्हा भैरवी त्यांची.

मग शेवटी काय? नाट्यपद घे, ते तुला शोभतं. पण ‘नाथ हा माझा’ नको, जरी तुझं ते सगळ्यात तयार असलं तरी. ते यमनातलं आहे. अर्धा तास यमन ऐकलेल्या कानांना पुन्हा यमनच देशील. त्याच ‘स्वयंवर’मधलं ‘मम आत्मा गमला’ घे. भास्करबुवा बखल्यांनी त्याला बिहागाची चाल दिलीय. यमनात तीव्र मध्यमच ऐकत बसलेल्या माणसाला बिहागातला शुद्ध मध्यम लागला की एकदम वेगळ्या दालनात आल्यासारखं वाटतं, आणि रात्रीची वेळही सांभाळली जाते. पद आहे म्हणून त्यात पुन्हा वीस मिनिटं आलाप करू नकोस हं. शब्द स्वच्छ गा, दोन-तीन सुंदर जागा घे, चार ताना, आणि थांब. १९१६ सालच्या नाटकातलं पद आहे, समोर बसलेल्या कितीतरी जणांना ते तोंडपाठ असेल. त्यांना ते ओळखीचं वाटलं पाहिजे.

अजून एक फायदा बघ. यमन आणि बिहाग दोन्हीकडे पंचम आहे, त्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार हलवावी लागत नाही. तू मधे मालकंस म्हणत होतीस. त्याला पंचम वर्ज्य, म्हणजे तार मध्यमाला उतरवायची. भर कार्यक्रमात खुंट्या पिळत बसलं की लोक आपसात बोलायला लागतात, आणि जमलेली हवा परत जमवता जमवता पदाची वेळ निघून जाते.

तबल्याला कोण आहे ते विचारलंस का? तुझी विलंबित लय खूप ठाय आहे. सगळ्यांना तितक्या संथ लयीत ठेका भरून वाजवायची सवय नसते. आदल्या दिवशी एकदा तरी बसा, आणि नाहीच जमलं तर लय थोडी वर घे, हट्ट करू नकोस. तुझी पट्टी काळी चार, ती त्यांना आजच कळव, म्हणजे त्या सुराचा तबला आणतील. पेटीवाल्यांना पदाची चाल मोबाइलवर गाऊन पाठव.

रविवारी माझ्याकडे ये. यमन, द्रुत, पद, हाच क्रम न थांबता गायचा, मी घड्याळ लावून समोर बसते. पाणी प्यायलाही मधे उठायचं नाही. कुठे दम तुटतो, कुठे एकच जागा दोनदा येते, ते रेकॉर्डिंग ऐकून तुझं तुलाच कळेल. येताना एका कागदावर रागांची नावं, ताल, आणि पदापुढे नाटकाचं, नाटककार खाडिलकरांचं आणि भास्करबुवांचं नाव ठळक अक्षरात लिहून आण. तो कागद निवेदकाच्या हातात द्यायचाय.