शेळीच्या दुधाचा साबण : दूध कसे निवडावे, कुठून घ्यावे?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना उद्देशून भाषण केले. स्वच्छ राहा, नीटनेटके राहा, अंगावरचे अस्पृश्यतेचे खुणेचे दागिने टाका, असे त्यांनी निक्षून सांगितले. त्यांच्या लेखी स्वच्छता हा स्वाभिमानाचा भाग होता. तेव्हापासून आपल्या वस्त्यांत अंगाला लावायच्या साबणाला वेगळाच मान आहे. आज अनेक महिला मंडळे आणि बचत गट घरीच साबण तयार करू लागले आहेत. त्यातही शेळीच्या दुधाच्या साबणाला शहरात चांगली मागणी आहे. मात्र साबण कसा करायचा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात, दूध कोणते घ्यावे हे सांगणारे फारसे भेटत नाहीत. या वेळच्या आरोग्य पानावर मुख्यतः त्याचाच विचार करू.

दुधाने साबणात काय होते?

तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया होऊन साबण बनतो. एरवी सोडा पाण्यात विरघळवतात, इथे पाण्याच्या जागी दूध घेतात. शेळीच्या दुधात साधारण चार टक्के स्निग्धांश असतो. त्यातला थोडा भाग साबणात जातो आणि फेस मऊ, दाट होतो. दुधातली साखरही फेसाला मदत करते. म्हणून हा साबण अंगाला कोरडेपणा कमी आणतो.

यापलीकडचे दावे मात्र तपासून घ्यावेत. दुधातले लॅक्टिक आम्ल त्वचा उजळवते असे सांगितले जाते, पण सोड्याशी गाठ पडताच ते आम्ल आम्ल राहत नाही, त्याचा क्षार होतो. तयार साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास, म्हणजे इतर साबणांसारखाच असतो. या साबणाने खरूज, गजकर्ण, इसब किंवा सोरायसिस बरा होत नाही. त्यासाठी डॉक्टरकडेच जावे. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात, नाहीतर ती पुन्हा उलटते. आणि ‘गोरेपणा देणारा साबण’ असे तर आपण चुकूनही लिहू नये. सावळा रंग हा आजार नाही, दोष तर मुळीच नाही. रंगावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या विचाराशीच आपले भांडण आहे.

आधी लेकराचे, मग साबणाचे

दूध निवडण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. घरातल्या मुलांच्या वाट्याचे दूध साबणाला द्यायचे नाही. करडांच्या तोंडचेही काढायचे नाही. शेळी व्याल्यावर पहिले चार-पाच दिवस जो चीक येतो, तो करडाचे औषध आहे. रोगाशी लढण्याची पहिली शक्ती त्याला त्यातूनच मिळते. शिवाय चिकात प्रथिने फार असल्याने साबणासाठी तो कामाचाही नाही. करडे साधारण दोन महिन्यांची होऊन पाला खाऊ लागली की मग उरलेले दूध घ्यावे.

यात कुणाचे नुकसान होत नाही, कारण साबणाला दूध लागतेच थोडे. एक किलो तेलाला ३०० ग्रॅम दूध पुरते आणि त्यातून शंभर ग्रॅमच्या सुमारे चौदा वड्या निघतात. म्हणजे दोन शेळ्यांच्या घरातले उरलेले दूध दोन-तीन दिवस साठवले तरी एक घाणा होतो.

जाता जाता आणखी एक सांगतो. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी नुसते शेळीचे दूध देऊ नये. त्यात फोलेट फार कमी असते, त्यामुळे बाळाला रक्तक्षय होऊ शकतो. डेंग्यूच्या साथीत शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात या समजुतीने शहरांत त्याचे भाव भडकतात. तसा पुरावा नाही. डेंग्यूत लागते ती विश्रांती, भरपूर पाणी-पेज आणि डॉक्टरांची देखरेख. नड लागलेल्या घराने महागडे कच्चे दूध शोधत फिरण्यात वेळ घालवू नये.

कोणत्या शेळीचे दूध?

साबणासाठी अमुकच जात हवी असे नाही. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे काळी उस्मानाबादी, नगर-नाशिक-पुणे भागात संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ या आपल्याकडच्या जाती. उस्मानाबादी दिवसाला अर्धा ते एक लिटरच्या आसपास दूध देते. बाहेरून आणलेली जमनापारी किंवा बीटल दूध जास्त देते, पण साबणाच्या वडीत त्याने फरक पडत नाही. जवळ मिळते ते, निरोगी शेळीचे आणि ताजे दूध सगळ्यात चांगले. जातीपेक्षा शेळीची तब्येत पाहा.

दूध घेण्यापूर्वी स्वतः गोठ्यावर जाऊन या गोष्टी बघाव्यात :

१. कास आणि सड : कास गरम, सुजलेली किंवा दगडासारखी कडक असेल तर ती दगडी आहे. अशा शेळीचे दूध घेऊ नये. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर काढून बघा. गाठी, फुटकपणा किंवा रक्ताची झाक दिसली तर ते दूध नको.

२. औषध चालू आहे का : शेळीला इंजेक्शन किंवा जंताचे औषध दिले असेल, तर पशुवैद्यकांनी सांगितलेले दिवस जाऊ द्यावेत. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला दुधातले अंशही त्रासदायक ठरू शकतात.

३. शेळी गाभडली होती का : हा प्रश्न विचारायला लाजू नका. कारण पुढे सांगितले आहे.

४. बोकड कुठे बांधतात : बोकडाचा उग्र वास दुधाला पटकन लागतो. धार काढण्याची जागा बोकडापासून लांब हवी.

५. धार काढण्याची रीत : हात आणि कास धुऊन पुसलेली, भांडे स्टीलचे, दूध लगेच फडक्याने गाळून थंड केलेले. शेळीच्या दुधात काही खास स्निग्ध आम्ले असतात. दूध उन्हात राहिले किंवा शिळे झाले की ती सुटी होतात आणि ‘शेळकट’ वास येतो. तो वास साबणातही उतरतो, मग कितीही अत्तर घाला.

माल्टा ताप विसरू नका

एकोणिसाव्या शतकात भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रज सैनिक एका चिवट तापाने आजारी पडत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या डॉक्टरने त्याचा जंतू शोधला. पण तो माणसात येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडले. थेमिस्टोक्लीस झामित यांनी दाखवून दिले की दिसायला धडधाकट असलेल्या शेळ्यांच्या दुधातून तो येतो. या रोगाला आज ब्रुसेलोसिस म्हणतात आणि तो आपल्या देशातही आहे. पुन्हापुन्हा येणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे आणि कंबर दुखणे, थकवा ही त्याची लक्षणे. पुष्कळदा तो साधा ताप किंवा वात समजून अंगावर काढला जातो. शेळ्यांमध्ये हा रोग असला की त्या गाभडतात.

सोड्याच्या तीव्रतेत जंतू टिकत नाहीत, हे खरे. पण धोका साबणाचा नसून कच्चे दूध हाताळणाऱ्या बाईला आहे. दूध चाखून पाहणे, हातावर चिरा असणे, गाभडलेल्या शेळीचा वार उघड्या हाताने उचलणे यांतून संसर्ग होतो. म्हणून नियम असा ठेवा : दूध घरी आले की आधी उकळायचे. उकळल्याने साबण बिघडत नाही. साय फेकू नका, घुसळून परत दुधात मिसळा. गाभडलेल्या शेळीचे दूध घेऊ नका, तिची तपासणी पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्या. शेळ्या राखणाऱ्या माणसाला लांबलेला ताप असेल तर डॉक्टरांना ‘आमच्याकडे शेळ्या आहेत’ हे आवर्जून सांगा. त्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.

दूध कुठून आणावे?

डेअरीच्या पिशवीत शेळीचे दूध सहसा मिळत नाही. ऑनलाइन मिळणारी दुधाची पावडर चालते, पण महाग पडते. आपल्यासाठी सगळ्यात चांगला गोठा आपल्याच वस्तीत आहे. भूमिहीन घरांत दोन-चार शेळ्या असतातच, आणि त्या बहुधा बाईच्याच हाताखाली असतात.

या दुधाला एक इतिहासही आहे. गावोगाव आपल्या घरचे दूध विकत घ्यायला, हॉटेलात वापरायला नकार दिला जात असे. काही ठिकाणी ते आजही होते. पाण्याला हात लावण्यासाठी ज्यांना चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या हातचे दूध बाटते असे म्हणणारे होतेच. अशा वेळी बचत गटाने वस्तीतल्या बहिणीकडून मापाने, रोख आणि योग्य भावाने दूध घेणे हा साधा व्यवहार नाही. भाव आधी ठरवा, वहीत लिहा, ‘आपलीच आहे’ म्हणून घासाघीस करू नका.

दूध शक्यतो आपल्यासमोर काढून घ्या. तसे जमत नसेल तर भेसळ तपासा. उकळून गार केलेल्या चमचाभर दुधात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात पीठ आहे. गाईचे दूध पिवळसर असते, शेळीचे पांढरे शुभ्र. पण म्हशीचेही पांढरेच असते, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नका. गटाला स्वतःच शेळ्या घ्यायच्या असतील तर तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे चौकशी करावी.

साठवण आणि घाणा

उकळून गार केलेले दूध वजन करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. तीन महिन्यांच्या आत वापरा. गोठवायचे कारण असे की सोडा टाकला की मिश्रण तापते आणि दुधातली साखर करपते; साबण तपकिरी होतो व वास मारतो.

एका घाण्याचे प्रमाण : खोबरेल तेल ४०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ५०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम, गोठवलेले दूध ३०० ग्रॅम, शुद्ध कॉस्टिक सोडा १४५ ग्रॅम. सगळे वजनकाट्यावर मोजा, वाटीने किंवा चमच्याने नको. तेल बदलले की सोड्याचे प्रमाण बदलते. स्टीलच्या भांड्यात दुधाचे तुकडे अर्धवट वितळू द्या, त्यात चिमूट चिमूट सोडा टाकत ढवळा. रंग पिवळसर होतो, थोडा अमोनियाचा वास येतो, तो नंतर जातो. हे मिश्रण गाळून कोमट तेलात ओता. ढवळताना पृष्ठभागावर रेघ उमटून राहू लागली की साच्यात भरा. झाकून ऊब देऊ नका. एक-दोन दिवसांनी वड्या कापा आणि हवेशीर जागी चार ते सहा आठवडे ठेवा. मगच वापरा.

सोड्याशी खेळ नको. जर्मनची भांडी मुळीच वापरू नका. ॲल्युमिनियम सोड्यात विरघळते आणि पेट घेणारा वायू निघतो. सोडा नेहमी दुधात टाकायचा, सोड्यावर दूध ओतायचे नाही. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी हवीच आणि मुले घराबाहेर हवीत. अंगावर उडाला तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा, व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. डोळ्यात गेला तर तसेच धुऊन लगेच दवाखाना गाठा. कुणी गिळला तर उलटी करवू नका, थेट रुग्णालयात न्या. सोडा पाण्याच्या बाटलीत किंवा डब्यात कधीच भरून ठेवू नका.

विकताना

अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात येतो. विक्री सुरू करण्याआधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात परवान्याची माहिती घ्या. वेष्टनावर घटक, वजन आणि तयार केल्याची तारीख लिहा. शेळीचे दूध आहे हे ठळक लिहा, कारण ज्यांना गाईच्या दुधाची ॲलर्जी असते त्यांना शेळीच्या दुधाचीही असू शकते. शेंगदाणा तेलाचाही उल्लेख करा. दुधाचा अंश नसताना ‘शेळीच्या दुधाचा’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. करडाचे पोट भरलेले, दूध देणाऱ्या बहिणीला तिचा दाम मिळालेला, साबण करणारीचे हात सुरक्षित आणि घेणाऱ्याला खरे सांगितलेले, एवढे जपले तर आपल्या गटाच्या साबणाची वडी त्या मार्गावर आहे असे समजायला हरकत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!