महारोहिणीची शस्त्रक्रिया आणि उतारवय

आमचा व्यवसाय धान्याच्या घाऊक व्यापाराचा आणि शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने लिहिण्याचा आमचा मानस नाही. परंतु आपल्या संघातील कित्येक सभासद साठीच्या पलीकडे गेले असून अनेकांना रक्तदाबाची व्यथा जडली आहे. अशा वयात छातीतील महारोहिणीवर शस्त्रक्रिया करावी की नाही, हा प्रश्न एखाद्या घरी अकस्मात उभा राहतो आणि विचाराला अवधी मिळतो तो काही तासांचा. म्हणून याविषयी जे वाचून समजून घेतले, ते वाचकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

महारोहिणी म्हणजे हृदयातून निघून सर्व शरीराला रक्त पुरविणारी मुख्य वाहिनी. तिच्या भिंतीला तीन पदर असतात. आतील पदराला चीर पडली की रक्त दाबाने पदरांमध्ये शिरते व त्यांना उसवीत जाते. दुहेरी पोत्यातील आतले पोते फाटून धान्य दोहोंच्या मध्ये उतरावे, तसाच हा प्रकार. चीर हृदयालगतच्या भागात असेल तर शस्त्रक्रियेवाचून तरणोपाय क्वचितच असतो. खाली उतरणाऱ्या भागात असेल तर बहुधा औषधांनी भागते. गरज पडल्यास जांघेतील रोहिणीतून आच्छादित नळी सरकवितात, छाती उघडावी लागत नाही.

या विकाराचे एक वर्गीकरण अमेरिकेतील ह्यूस्टनचे शल्यविशारद डॉ. मायकेल डिबेकी यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचा जन्म 1908 चा. बालपणी आईने त्यांना शिवणकाम शिकविले होते. पुढे 1950 नंतरच्या दशकात त्यांनी दुकानातून कापड आणून, घरच्या शिवणयंत्रावर कृत्रिम रोहिणी शिवल्या. दुकानात नायलॉन शिल्लक नव्हते म्हणून त्यांनी डेक्रॉन घेतले, आणि तेच टिकाऊ ठरले. आमच्या कापडवाल्या मित्रांना हे वाचून मौज वाटेल!

31 डिसेंबर 2005 रोजी, वयाच्या 97 व्या वर्षी, याच विकाराने डॉक्टरांना गाठले. परिणाम ठाऊक असल्याने त्यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. पंगू होऊन जगण्याची त्यांची तयारी नव्हती. 3 जानेवारीस 5.2 सेंटिमीटर असलेली महारोहिणीची रुंदी 9 फेब्रुवारीपर्यंत 7.5 झाली व त्यांची शुद्ध हरपली. रुग्णालयातील भूलतज्ज्ञांनी नकार दिला. रात्री नीतिसमिती बसली, तेव्हा पत्नीने बैठकीत शिरून विलंब न करण्याचा आग्रह धरला. अखेर त्यांचे जुने सहकारी डॉ. जॉर्ज नून यांनी सुमारे सात तास शस्त्रक्रिया केली. पुढे दीड महिना कृत्रिम श्वास, डायालिसिस, नळीने अन्न. कित्येक महिने बहुतांशी रुग्णालयातच गेले. दहा लाख डॉलरांहून अधिक झालेला खर्च रुग्णालयाने सोसला. ते बरे होऊन कामावर परतले, शस्त्रक्रिया केली हे योग्यच झाले असे म्हणाले, आणि 11 जुलै 2008 रोजी 99 व्या वर्षी निवर्तले.

शितावरून भाताची परीक्षा मात्र येथे चालत नाही. एवढे तज्ज्ञ आणि एवढे औदार्य सर्वांच्या वाट्यास येत नाही. आपल्याकडे बिल दुकानाच्या खतावणीतच चढते. 1996 पासून चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय नोंदणीतून 2010 साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: हृदयालगत चीर पडलेल्या 80 ते 90 वर्षांच्या रुग्णांपैकी शस्त्रक्रिया झालेले शेकडा 38 रुग्णालयातच दगावले; केवळ औषधांवर ठेवलेले शेकडा 55. वरवर पाहता हा सौदा शस्त्रक्रियेच्या बाजूचा दिसतो. परंतु रुग्ण थोडे होते, आणि शल्यविशारद साहजिकच काटक रुग्ण निवडतात. तेव्हा सगळा फरक सुरीच्या नावे जमा करणे व्यापाऱ्याच्या हिशेबातही बसणार नाही.

चीर पडण्याआधी, फुगवटा वेळीच ओळखून, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत धोका पुष्कळच कमी असतो. सामान्यतः 5.5 सेंटिमीटरच्या सुमारास तिचा विचार होतो. ज्यांच्या रक्ताच्या नात्यात हा विकार झाला आहे, त्यांनी तपासणी अवश्य करावी. निर्णय घेताना नुसते वय विचारू नये. मूत्रपिंडे, स्मरणशक्ती, पूर्वीचा पक्षाघात, रुग्ण स्वतः किती चालतो, हे पाहावे. वडीलधाऱ्यांची इच्छा ते धडधाकट असतानाच मुलांसमक्ष विचारून लिहून ठेवावी. डिबेकींची इच्छा सर्वांस ठाऊक असूनही केवढा पेच पडला! आणि छातीत वा पाठीत अकस्मात फाडल्यासारखी कळ आली तर वायू समजून ओवा-सुंठीवर रात्र काढू नये. तत्काळ मोठे रुग्णालय गाठून सी. टी. स्कॅनविषयी विचारावे, कारण हृदयविकाराचा झटका समजून रक्ताची गाठ विरघळविणारे औषध दिले गेले, तर या विकारात ते घातक ठरू शकते.